हरकत असल्यास कळवावे

मुलगी बारावी पास झाली की लोकांच्या घरी पेढे येतात. आमच्याकडे देवराव आले.

देवराव आमचे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक. कुरखेड्यात कुणाची भाताची रोवणी अडली आणि कुणाची सोयरीक मोडली हे त्यांना घरबसल्या कळतं. कळलं की ते सल्ला द्यायला निघतात. त्या दिवशी ओसरीत बसता बसताच त्यांनी विचारलं, पोरगी पास झाली ते झालं, पण कोणत्या शाळेतून? हा प्रश्न ते गेली बारा वर्षं विचारत आहेत आणि माझं उत्तर त्यांना एकदाही पटलेलं नाही. आमची रीता शाळेत गेलीच नाही. पहिलीपासून ती आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकली आणि परीक्षा तिने मुक्त विद्यालयाच्या मंडळाच्या दिल्या. घरी शिकवायचं हा निर्णय माझ्या बायकोचा, म्हणजे मार्थाचा, आणि अभिमान माझा.

गणित, विज्ञान आणि इंग्रजी मार्थाकडे होतं. मराठी, इतिहास आणि धर्मशिक्षण माझ्याकडे. मी वीज कंपनीत वरिष्ठ लिपिक आहे, त्यामुळे आमची शाळा वेळेवर भरायची, वेळेवर सुटायची आणि मधल्या सुट्टीत पोहे असायचे. हजेरी मात्र मी कधी घेतली नाही. रीता लहान असताना रोज हट्ट धरायची, की बाबा, आधी हजेरी घ्या. मी म्हणायचो, अगं, तू समोर बसलेली मला दिसते आहेस, वर्गात दुसरं कुणी नाही, मग हजेरी कुणाची घ्यायची? आणि थेट मौर्य साम्राज्य सुरू करायचो. मला वाटायचं, मी वेळ वाचवतो आहे.

तर देवरावांनी सल्ला दिला की पोरीला आयटीआयला टाका. सूरजागडला खाणीवर पोरीसुद्धा मोठाली यंत्रं चालवायला लागल्या आहेत, पोरगी नावारूपाला येईल. मागोमाग त्यांची सून रंजीता आली. तिच्या माहेरकडची एक मुलगी मोहर्लीला जिप्सीत बसून पर्यटकांना वाघ दाखवते, तेव्हा रीताने तेच करावं असं तिचं मत पडलं. मी म्हटलं, रीता घरातली पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. रंजीता म्हणाली, वाघ भिंतीवर नाही चढत.

मार्थाच्या मनात बंगळूर होतं. तिथे नन्सचं कॉलेज आहे, आवारातच चॅपल आहे आणि संध्याकाळी सहानंतर फाटकाला कुलूप लागतं, या तिन्ही गोष्टी ती एका दमात सांगायची आणि कुलपावर जास्त जोर द्यायची. नागपूरच्या माझ्या मेव्हण्याने फोनवरून नर्सिंग ठरवून टाकलं. माझं म्हणणं अगदी साधं होतं. पदवीही घरूनच घ्यावी, दूरशिक्षणाने. टेबल अजून मजबूत आहे, कंदिलापासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं आहे. मी ज्ञानप्राप्तीबद्दल बरंच बोललो, पण खरं सांगायचं तर मला रीता घरीच हवी होती. ऑफिसातून आल्यावर पाय धुऊन तिच्यासमोर पुस्तक उघडायचं, याशिवाय संध्याकाळचं काय करतात हे मला ठाऊकच नव्हतं.

रीताला कुणी विचारलं नव्हतं. तिने ते आपणहून सांगितलं. आमची दोघांची बोली नगरकडची, तिची मात्र पुरी कुरखेड्याची.

"मले वर्गात बसाचं आहे," ती म्हणाली. "कॉलेज कोणतंई चालंल. पोरं-पोरी पाहिजे, घंटी पाहिजे, आन् शिकवाले बाबा नाई पाहिजे."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो आणि मग मागच्या अंगणात जाऊन उगाच नळ दुरुस्त केला.

निर्णय होईना, तेव्हा मी तो वरच्या कचेरीत पाठवायचं ठरवलं. आम्ही कॅथोलिक. आमच्यात अशा वेळी मिस्सा अर्पण करतात, म्हणजे रविवारच्या उपासनेत फादर वेदीवरून आपली विनंती वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. वडशाच्या रस्त्याला आमचं छोटंसं चर्च आहे, फादर केरळचे. त्यांचं प्रवचन लहान असतं आणि सूचना लांबलचक. मी विनंती लिहून दिली, रीता पाटोळे हिला देवाने योग्य मार्ग दाखवावा. दूरशिक्षणाचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. देवाला सूचक शब्द पुरतो असा माझा समज होता.

देवाचं माहीत नाही, पण लोकांना तो फारच पुरला. आमच्या चर्चमध्ये बारावी झालेल्या मुलीसाठी मार्गाची मिस्सा केली की मुलगी कॉन्व्हेंटला चालली, असाच अर्थ घेतात. आजवर ज्यांच्यासाठी झाली त्या साऱ्याजणी आज सिस्टर आहेत. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्याच चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण मीच देतो. पण सूचना चालू असताना मी बहुधा डुलकी घेतो.

उपासना संपताच लोकांनी माझे हात हातात घेतले. आतापर्यंत ज्यांनी मला वीजबिलाखेरीज काही विचारलं नव्हतं, त्यांनी मला भाग्यवान म्हटलं. मला वाटलं, बारावीबद्दल म्हणताहेत. मी नम्रपणे मान लववली आणि सगळी मुलीची मेहनत, असं म्हटलं. मंगळवारी कॉन्व्हेंटच्या सिस्टर ग्रेसी घरी आल्या आणि रीताने बरोबर काय काय आणावं ते मार्थाला समजावून गेल्या, त्यात दोन पांढऱ्या चादरी आणि एक छत्री होती. मार्था मला म्हणाली, बंगळूरच्या कॉलेजला आपण अजून अर्जही केला नाही आणि यांना चादरींचं कसं कळलं? बुधवारी कलाबाई आल्या. कलाबाई म्हणजे आमच्या चर्चमधल्या सर्वांत वयस्कर बाई, जंगलाकडच्या वस्तीतून दर रविवारी चालत येतात. त्यांनी काखेतून एक लाल कोंबडा काढून अंगणात सोडला, रीताच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, नन झाल्यावर पहिली प्रार्थना माझ्या गुडघ्यासाठी कर.

अशा रीतीने आपण नन होणार हे रीताला समजलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे जेवली, ताट धुतलं आणि म्हणाली की उद्या सकाळी आपण सर्वांत जवळच्या कॉलेजात नाव घालायला जायचं. मार्थाने बंगळूरचं नाव काढलं नाही. मीही दूरशिक्षण गिळलं. नन होण्याची बातमी मोडून काढायला बीएइतका जलद उपाय दुसरा नव्हता. बाहेर कोंबडा आरवला. त्याला वेळेचा काही धरबंध नव्हता.

कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्या क्लार्कशी मला अजून तीन वर्षं काम आहे. त्यांना गुलाबभाऊ म्हणतात. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, आधारकार्ड पाहिलं, रीताकडे पाहिलं आणि विचारलं, टीसी कुठी आहे? मी मंडळाचं प्रमाणपत्र पुढे केलं.

"हे मंडळानं देल्लं," गुलाबभाऊ म्हणाले. "शाळा सोडल्याचा दाखला कुठी आहे?"

"ती शाळेत गेलीच नाही. मग सोडेल कशी?"

"थेच त म्हणतो जी मी. पोरीनं कुठं सोडलंच नाई, त इथी घेऊ कसा?"

माझी खरी हार तिथे झाली, कारण त्यांचं म्हणणं मला पटलं. मी स्वतः जन्मात वीज न पाहिलेल्या माणसाला नव्या मीटरसाठी जुन्या मीटरचं शेवटचं बिल आणायला पाठवलेलं आहे. खिडकीच्या त्या बाजूला बसलं की जग कसं नीटनेटकं दिसतं ते मी जाणतो. या बाजूला मी पहिल्यांदाच उभा होतो. माझ्यामागे उभी असलेली माझी मुलगी माझी मान लाल होताना बघत होती.

गुलाबभाऊ मनाने वाईट नाहीत. त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, की पोरीचं नाव कुठल्या तरी पटावर असेलच की, तिथून सोडल्याचं आणा, गोल शिक्का तेवढा पाहिजे. चौकोनी चालत नाही.

रस्ताभर विचार केला. अख्ख्या आयुष्यात रीताचं नाव एकाच पटावर लागलं होतं, तो म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षण वर्गाचा पट. तो फादर ठेवतात, हजेरीही तेच दारातून डोकी मोजून भरतात. आणि त्या वर्गाचा शिक्षक कोण, तर मी. म्हणजे मुलीला कॉलेजात घालायचं तर आधी तिला माझ्याच वर्गातून काढायचं होतं.

फादरांकडे शिक्का होता आणि गोलही होता. पण फादर नियमाचे पक्के. लग्न ठरलं की आमच्यात वधूवरांची नावं लागोपाठ तीन रविवार वेदीवरून पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा असं विचारतात. त्यांच्या मते जिथे शिक्का आला तिथे पुकारा आलाच. मी म्हटलं, फादर, हे लग्न नाही. फादर मराठी शिकले ते बायबल वाचून, त्यामुळे ते साधं बोलतच नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की जे गुप्त आहे ते प्रकट केले जाईल. आणि पुढच्या रविवारी त्यांनी ते प्रकट केलं.

"रीता इग्नेशियस पाटोळे ही आपल्या धर्मशिक्षणातून बाहेर पडत आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे."

मागच्याच रविवारी जी मुलगी कॉन्व्हेंटला निघाली होती, ती आता धर्मशिक्षणातून बाहेर पडत होती. लोकांनी दोन सूचना एकमेकींना जोडल्या आणि मधली जागा आपापल्या मनाने भरली. कॉन्व्हेंटला जायच्या वाटेवर पोरीने धर्मच सोडला. काहींनी मुलगाही शोधून काढला. त्या रविवारी बाहेर कुणी माझे हात हातात घेतले नाहीत. सिस्टर ग्रेसी समोरून आल्या, त्यांनी मार्थाकडे पाहिलं आणि छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

पुढे जे झालं ते माझ्या मानी स्वभावाला फार लागलं. प्रार्थनेचा एक गट घरी येऊन आमच्या दिवाणखान्यात जपमाळ म्हणून गेला. त्यांनी रीताला मध्ये बसवलं होतं आणि ती हसू दाबण्यासाठी ओढणी चावत होती, तो त्यांना पश्चात्ताप वाटला. दुसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा माझ्या वर्गाला निम्मीच मुलं आली. कुणीतरी म्हणालं म्हणे, की ज्याची स्वतःची पोर टिकली नाही तो आमच्या पोरांना काय शिकवणार? मी ऐकलं आणि दहा आज्ञांमधली सहावी विसरलो. मुलांनी सांगितली.

संध्याकाळी मी ओसरीत डोकं धरून बसलो होतो. देवराव आले. बातमी त्यांच्यापर्यंत अर्थातच पोचली होती. देवराव बौद्ध. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याची गोष्ट ते दरवर्षी सांगतात.

"काऊन तोंड पाडून बसले जी पाटोळेभाऊ?" ते म्हणाले. "आमच्या आजानं छप्पन साली धर्म सोडला, पायी नागपूरले जाऊन सोडला. काई बिघडलं नाई आमचं. पोरीले म्हणाव भिऊ नोको, मी आहो."

मी त्यांना समजावून सांगितलं, की रीताने धर्म सोडलेला नाही, बीएला प्रवेश मिळावा म्हणून ती फक्त माझा वर्ग सोडते आहे.  देवराव म्हणाले, त्यापेक्षा धर्म सोडणं सोपं होतं.

तिसरा रविवार उजाडला. कॉलेजची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, गुलाबभाऊंनी तसा निरोप पाठवला होता. फादरांनी नाव पुकारलं, हरकत असल्यास कळवावे म्हटलं आणि पान उलटणार तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. कलाबाई उभ्या होत्या.

"माही हरकत आहे," त्या म्हणाल्या. "पोरगी चांगली आहे. थे देवाले सोडून जात नाई. मी नाई सोडू देत."

आमच्या चर्चच्या इतिहासात लग्नालाही कुणी हरकत घेतली नव्हती. फादरांना पुढे काय करतात ते माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले, मी मार्थाकडे, आणि मार्था क्रुसाकडे. तेव्हा रीता उठली. तिने सगळं नीट सांगितलं.

"कलाबाई, मी देवाले नाई सोडून राह्यली. मी दर रविवारी येईन, तुमच्या गुडघ्यासाठी बी मागीन. मी बाबाच्या वर्गातून जाऊन राह्यली फक्त. लहानपणापासून मी एकाच मास्तरापाशी शिकली. आता मले दुसरं कोणी शिकवलं पाहिजे."

 कलाबाई मान हलवून म्हणाल्या की हे बरोबर आहे, आणि खाली बसल्या. हरकत मागे घेतली गेली. गोल शिक्का उमटला. बाहेर आल्यावर लोकांनी पुन्हा माझे हात हातात घेतले, पण आता ते मयताला आल्यासारखे घेत होते. मला खोटं बोलवत नाही, मला वाईट वाटलं. ती खरं बोलली होती, आणि तेच तिने घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

गुलाबभाऊंनी शिक्क्याची गोलाई निरखून पाहिली आणि प्रवेश दिला. धर्मशिक्षण हा विषय आपल्याकडे नाही, इतिहास चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवशी मी येऊ नये असं ठरलं होतं. पण बस आली नाही, म्हणून स्कूटर काढावी लागली. रीताने नवा कुर्ता घातला होता, वेणी मार्थाने दोनदा घातली होती, आणि दप्तरात पाच पेनं होती, एखाद्या मैत्रिणीला लागलं तर द्यायला. फाटकाशी उतरल्यावर ती म्हणाली, बाबा, तुम्ही इथीच थांबा, आत येऊ नोका. मी थांबलो. ती मोहाच्या झाडाखालून वळून इमारतीत गेली आणि मी घंटेची वाट बघत उभा राहिलो. तिला घंटा ऐकायची होती, तर म्हटलं आपणही ऐकून जाऊ.

घंटा झालीच नाही. बऱ्याच वेळाने मी वचन मोडून आत गेलो.

वर्ग मोठा होता. बाकं ओळीने लावलेली, फळा पुसलेला, पंखा बंद. शेवटच्या बाकावर रीता एकटी बसली होती. वही उघडून त्यावर तारीख घातली होती. पाचही पेनं बाकावर ओळीने मांडली होती.

दाराशी झाडू घेऊन मंगरू नावाचे शिपाई उभे होते. मी विचारलं, बाकीची मुलं कुठे आहेत? ते म्हणाले, पटावर खूप आहेत, वर्गात कोणी येत नाही. काही रोवणीला जातात, काही नागपूरला कामाला असतात, बाकीची घरी गाइड वाचतात आणि परीक्षेला येतात.

"सगळे घरीच शिकतात जी," मंगरू म्हणाले.

म्हणजे अख्खा तालुका मुलांना घरी शिकवत होता. अभिमान तेवढा मी एकट्याने बाळगला होता.

मंगरूंनी माझी इस्त्रीची पँट पाहिली, खिशातलं पेन पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी इतिहासाचा नवा सर आहे का, असं त्यांनी विचारलं. दोन वर्षांपासून जागा रिकामी आहे म्हणाले. माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. त्यांनी आतून खडू आणून माझ्या हातात दिला, पंखा लावला आणि तास सुरू झाला तर घंटी देतो असं सांगून निघून गेले.

मी फळ्यापाशी उभा होतो, हातात खडू. शेवटच्या बाकावर रीता. तिच्यासाठी मी जगात कुठे नसायला हवं होतं तर नेमका इथे. मला म्हणायचं होतं की मी जातो, मी मुद्दाम नाही आलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

मग तिने ओढणीने तोंड पुसलं.

"आता आलेच, त घ्या," ती म्हणाली.

"काय घेऊ?"

"हजेरी."

मी खडू खाली ठेवला आणि सरळ उभा राहिलो. घसा साफ केला. "रीता इग्नेशियस पाटोळे."

ती उभी राहिली. "हजर, सर."

बाहेर मंगरूंनी घंटी दिली. मी पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि पुढचं नाव माझ्याकडे नव्हतं. रीता खाली बसली होती आणि हाताची घडी घालून बाकीच्यांची हजेरी संपायची वाट बघत होती.